खिडकीवरची रंगीत काच: मुलांसोबत करताना या चुका टाळा

"मॅडम, रंग पळाला!" सोलापुरातल्या माझ्या उन्हाळी वर्गात हे वाक्य दर मे महिन्यात पहिल्याच दिवशी कानावर पडतं. करायचं असतं एवढंच: ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) काळी रेघ, आत ग्लास कलर (काचेसारखा आरपार दिसणारा रंग), वाळलं की खिडकीला टांगायचं. पण चुकाही दरवर्षी त्याच.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे रेघ ओली असताना रंग भरणं. रेघेसाठी मी तयार आउटलायनरची ट्यूब आणत नाही. फेव्हिकॉलमध्ये काळा अ‍ॅक्रिलिक रंग कालवते आणि मेंदीच्या कोनात भरते. पोरांच्या हाताला कोन बरा बसतो. ही रेघ वाळायला रात्र लागते. रात्र म्हणजे रात्र, जेवण होईपर्यंत नव्हे.

तीन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका पोरानं सिद्धेश्वराचं देऊळ काढलं, भोवती तळं. देखणं काढलं होतं. "गच्चीवर ठेवू की मॅडम, दहा मिनिटांत वाळतंय." बाहेर 42 अंश. मलाही घाई होती, ठेवू दिलं. दहा मिनिटांत रेघेवर साय धरली आणि शीट कडेनं पापडासारखी वळली. बोट लावलं तर कोरडं लागलं, म्हणून त्यानं निळा रंग ओतला. वळलेली कड सरळ करायला दाबली, तशी साय फाटली. आत सगळा ओला गम. उचलून आत आणताना शीट कलली आणि तळं थेट देवळात शिरलं. पोरगा शांतपणे म्हणाला, "पूर आलाय बघा."

तेव्हापासून पहिल्या दिवशी फक्त रेघा, आणि घरी. शीट सावलीत, सपाट ठेवायची. सकाळी उलटून मागून बघायची: रेघ राखाडी दिसली तर आत अजून ओली आहे, काळी झाली की रंग भरायला घ्यायचे. "तासाभरात होईल ना?" असं विचारणाऱ्या आयांना मी सरळ नाही म्हणते. आणि घट्ट झालेला रंग पाण्यानं पातळ करू नका. फेव्हिकॉलची रेघ वाळली तरी पाणी लागलं की पुन्हा मऊ पडते.

दुसरी चूक अधांतरी रेघांची. मुंबईच्या राजाबाई टॉवरमधल्यासारख्या खऱ्या खिडकीत काचेचा प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवलेला असतो, आणि ती पट्टी पुढच्या पट्टीला जोडलेली. मध्येच संपून चालत नाही. पोरं मात्र झाड काढतात, फांद्या हवेत सोडतात, आणि मग आकाश कुठं भरायचं ते कळत नाही. माझा उपाय घरगुती आहे. सोलापुरी चादर अंथरायची आणि तिच्यावरची पायऱ्यापायऱ्यांची नक्षी उचलायची. सगळ्या रेघा सरळ, सगळी घरं बंद. यूट्यूबवरचा मोर पाचव्या शीटला काढा, पहिल्या नको. रंग भरण्याआधी प्रत्येक घराच्या रेघेवरून काडी फिरवून फट शोधायची. सापडली तर कोनाचा एक ठिपका, आणि पुन्हा वाळेपर्यंत थांबायचं.

बाकीच्या चुका किरकोळ. रंगाची बाटली हलवू नका, बुडबुडे येतात. आलेच तर टाचणीनं फोडा. शेंगाचटणी खाल्लेल्या हातानं शीट धरू नका, तेलावर रंग धरत नाही. वास मारणारे, थिनरचे ग्लास कलर मुलांना देऊ नका. पाण्यात धुतले जाणारे घ्या. खरी काच हवी असा हट्ट असेल तर कडांना आधी चिकटपट्टी लावा. सहा वर्षांच्या आतल्यांना ओले रंग नकोतच: काळ्या कार्डशीटला खिडक्या कापून द्या, मागून पतंगाचा कागद चिकटवू दे.

आणि टांगताना पश्चिमेची खिडकी सोडा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात शीट पुन्हा वळते.