मोडी शिकायचीय? आधी साल वाचायला शिका

मोडी लिपीची मुळाक्षरं मला तीन आठवड्यांत आली. बाराखडी आणि जोडाक्षरं धरून दीड महिना. मग सरांनी एका अस्सल पत्राची झेरॉक्स समोर ठेवली आणि तासाभरात मला त्यातले चार शब्द लागले. त्या दिवशी घरी येताना वाटत होतं, हे आपल्याला जमायचं नाही. आज सात वर्षं मी मोडी वाचनाचंच काम करतेय, म्हणून नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

मोडी लिहिताना आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. ओळ संपली की शब्द मध्येच तुटतो. त्यामुळे पुष्कळदा शब्द आधी सुचतो आणि मग त्यातलं अक्षर ओळखू येतं. शब्द सुचायचा तर त्या काळची भाषा कानात बसलेली हवी. सरांनी मला इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड वाचायला लावले. ते देवनागरीत छापलेले आहेत. रोज सकाळी दोन पत्रं, तीही मोठ्याने. सहा महिन्यांनी 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', 'बहुत काय लिहिणे', 'लोभ असो दीजे' हे सगळं तोंडात बसलं आणि झेरॉक्सवरचे शब्द आपोआप सुटे व्हायला लागले. मोडीच्या वर्गाइतकाच वेळ या वाचनाला द्या, असं मी आग्रहाने सांगेन.

2014 साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आता फॉन्टही मिळतात. ओळख व्हायला ते ठीक. सराव मात्र फॉन्टवर करू नका. फॉन्टमधला 'र' दर वेळी सारखाच असतो. कारकुनाच्या हातचा 'र' आधीच्या अक्षराला असा चिकटतो, की पहिले काही महिने तो दिसतच नाही.

आता साल. नवी मुलं इथेच अडकतात. पेशवेकालीन कागदावर बहुतेक वेळा शुहूर सन असतो, 'सु॥' असा लिहिलेला. सूर्य मृग नक्षत्रात गेला की हे साल बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. ते आकड्यांत नसतं, अरबी शब्दांत असतं आणि उलटं चालतं: आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात 1161. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे 1760-61, पानिपताचं साल. त्याच्या शेजारी 'छ' दिसला की तो चंद्र, म्हणजे पुढे हिजरी महिन्याची तारीख आहे. हे वीस-पंचवीस अरबी शब्द पाढ्यांसारखे पाठ करा.

माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी एका घरातला कागद आला. मी साल वाचलं 'अर्बा मया व अलफ', म्हणजे 1104, म्हणजे 1703-04, आणि तसं लिहून दिलं. कागद तीनशे वर्षांचा निघाला म्हणून घरातली माणसं हरखून गेली. सरांनी माझं लिप्यंतर पाहिलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?" शिक्क्यात 'बाजीराव रघुनाथ' होतं. "1703 साली पहिला बाजीराव तीन वर्षांचा होता. मग हा दुसरा बाजीराव आला कुठून?" भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. बरोबर घडीवर कागद विरला होता आणि 'मया'च्या पुढचं 'तैन' त्या घडीत गेलं होतं. मयातैन म्हणजे दोनशे. कागद 1803-04 चा. मी त्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून साल, शिक्का आणि मजकुरातली नावं एकमेकांशी जुळल्याशिवाय मी साल लिहून देत नाही.

मापं आणि अपूर्णांकही असेच पाठ हवेत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. वीस मणांची खंडी, जमिनीला वीस पांडांचा बिघा, 120 बिघ्यांचा चाहूर. जमिनीच्या कागदात एक रेघ सुटली तर पाव बिघा जातो.

शिकायचं कुठे? राज्य शासनाचं पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात. कामाचं म्हणाल तर ते सलग नसतं, हे आधीच समजून या. 2023 साली कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. एरवी अभ्यासक, कोर्टकज्जे आणि घरोघरची जुनी कागदपत्रं, यांवर चालतं. मोबदला पानामागे ठरतो. कागद बघितल्याशिवाय दर सांगू नका. शिवकालीन पत्राचं एक पान आणि इंग्रजी अमदानीतल्या घाईने खरडलेल्या नोंदीचं एक पान यांत दिवसाचा फरक पडतो. आणि काम महाराष्ट्रापुरतंच आहे असंही नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत, तंजावरची मोडी पत्रं तर कोपनहेगनच्या राजग्रंथालयातही आहेत.

जो शब्द लागत नाही, तिथे टिंबं द्या. समोरचा माणूस आशेने बघत असतो, तेव्हा हे फार जड जातं. एक गृहस्थ आजोबांच्या पेटीतला कागद घेऊन आले. ती इनामाची सनद आहे, असं घरात तीन पिढ्या सांगत आले होते. ते गहाणखत होतं. खाली पाटलाची सही म्हणून नांगराची निशाणी होती, बोटभर, फाळासकट नीट काढलेली. "हे 'गहाण' नसून दुसरं काही असेल का?" त्यांनी दोनदा विचारलं. मी पुन्हा भिंग लावलं, अक्षरं एकेक करून त्यांना दाखवली आणि नाही म्हटलं. ते काही न बोलता कागद घेऊन गेले. दोन महिन्यांनी तेच गृहस्थ पेटीत उरलेले तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, यांतही जे असेल तेच लिहा."