घोड्यांवरच्या क्विझला पहिल्यांदा बसताना

‘साहित्यातले घोडे आणि सामान्यज्ञान’ असा विषय जाहीर झाला की नवी मुलं लगेच जोड्यांची यादी करतात. चेतक आणि महाराणा प्रताप, ब्युसेफेलस आणि अलेक्झांडर, रोसिनांते आणि डॉन किहोते, कंथक आणि सिद्धार्थ, रक्ष आणि रुस्तुम. ही यादी पाठ हवीच, पण ती लेखी फेरीपुरती पुरते. मंचावर घोड्याचं नाव बहुतेक वेळा प्रश्नातच दिलेलं असतं. त्या घोड्याने कथेत काय केलं, ते कोणी लिहिलं, आणि सगळ्यांना वाटतं तिथे ते लिहिलेलंच नाही का, हे विचारलं जातं. मी असे विषय खेळले आहे आणि त्यांवर प्रश्नही काढले आहेत. प्रश्न काढणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर तयारी कशी करायची ते जास्त चांगलं कळतं.

आधी रीत थोडक्यात. लेखी फेरीत बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस प्रश्न असतात आणि त्यातून सहा-आठ संघ मंचावर जातात. काही प्रश्नांपुढे चांदणी असते. गुण सारखे झाले की चांदणीचे प्रश्न मोजले जातात, म्हणून त्यांना जास्त वेळ द्या. लेखीत सहसा उणे गुण नसतात, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका. मंचावर प्रश्न एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो, तो बाउन्स. आपली पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं, तो पाउन्स. पाउन्स चुकला तर बहुतेक ठिकाणी गुण कापतात. नव्या संघांनी पहिल्या फेरीत पाउन्स जपून वापरावा. क्विझमास्टरचा हात कसा आहे, तो सरळ विचारतो की आडवळणाने, हे चार-पाच प्रश्नांत कळतं.

आता खरा अभ्यास. ट्रॉयचा लाकडी घोडा घ्या. ‘तो कोणत्या महाकाव्यात येतो?’ असं विचारलं की निम्मी सभागृहं ‘इलियड’ म्हणतात. इलियडमध्ये तो नाही. इलियड ट्रॉयचा योद्धा हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपतं, ट्रॉय अजून उभंच असतं. घोड्याचा उल्लेख ‘ओडिसी’त येतो, तिथे डेमोडोकस नावाचा अंध गायक ती कथा गातो. आणि सविस्तर प्रसंग, म्हणजे सिनॉन या ग्रीकाची थाप, लाओकोऑन या ट्रॉयच्या पुजाऱ्याचा इशारा, समुद्रातून आलेले साप, हे सगळं व्हर्जिलच्या लॅटिन ‘ईनिड’च्या दुसऱ्या सर्गात आहे. एवढं माहीत असलं की एकाच घोड्यातून चार प्रश्न सुटतात. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट अशी की लाकडी घोडा नसलेल्या इलियडच्या शेवटच्या ओळीत घोडे आहेतच: तिथे हेक्टरला ‘घोड्यांना वठणीवर आणणारा’ म्हटलं आहे. शिवाय त्याच काव्याच्या एकोणिसाव्या सर्गात ग्रीक वीर अकिलीसचा झँथस हा घोडा माणसासारखा बोलून त्याला मृत्यूचं भाकीत सांगतो. असं काही वाचलं की ते वहीत उतरवा, कारण प्रश्न काढणाराही नेमका तिथेच थांबलेला असतो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर नल. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकाला नल-दमयंती म्हटलं की हंस आठवतो. पण महाभारताच्या वनपर्वातल्या कथेचा उत्तरार्ध घोड्यांवर उभा आहे. नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची वार्ता मुद्दाम पाठवते, तीही दुसऱ्याच दिवशीची. एवढं अंतर एका दिवसात कापणारा सारथी नलच असणार, हा तिचा हिशेब. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून दाखवतो आणि दोघांत विद्येची देवाणघेवाण होते: राजा अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या देतो, नल अश्वहृदय देतो. जुगारात राज्य घालवलेल्या माणसाला ते घोड्यांच्या विद्येमुळे परत मिळतं. ही कथा एकदा नीट वाचली की ‘अश्वहृदय’ शब्द कुठेही येऊ दे, उत्तर घरचं.

तसाच उच्चैःश्रवा. समुद्रमंथनातून निघाला, गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी घोड्यांमधली आपली विभूती म्हणून त्याचं नाव घेतलं, इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण कद्रू आणि विनता यांची पैज त्याच्या शेपटीच्या रंगावर लागली होती, सापांनी शेपटीला लगटून ती काळी दाखवली, विनता दासी झाली आणि म्हणून गरुडाला अमृत आणावं लागलं, ही साखळी ज्याला येते तो प्रश्न कुठूनही सुरू झाला तरी घोड्यापाशी पोचतो. कृष्णाच्या रथाचे शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक मात्र सरळ पाठ करा. अज्ञातवासात नकुल विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक नावाने राहिला, हेही.

इंग्रजी पुस्तकांत ‘ब्लॅक ब्यूटी’ वाचल्याशिवाय या विषयाला बसू नका, असं माझं ठाम मत आहे. ॲना स्यूएलची ही एकमेव कादंबरी १८७७ साली आली आणि पुढच्याच वर्षी लेखिका वारली. लहानपणीच्या दुखापतीमुळे तिला चालणं कठीण होतं, त्यामुळे घोडागाडीशी तिचा रोजचा संबंध. गोष्ट घोडा स्वतः सांगतो. आज आपण ती मुलांच्या हातात देतो, पण तिने लिहिली ती घोड्यांबरोबर काम करणाऱ्या माणसांसाठी. घोड्याची मान जबरदस्तीने ताठ ठेवणाऱ्या लगामाविरुद्ध लोकमत तयार व्हायला या पुस्तकाने हातभार लावला. त्यातल्या जिंजर या घोडीचा शेवट वाचताना डोळे भरून येतात. पाठ केलेली माहिती ऐन वेळी दगा देते, पण असं मनाला लागलेलं पुस्तक मंचावर बरोबर आठवतं.

याच्या जोडीला ऑरवेलच्या ‘ॲनिमल फार्म’मधला राबणारा घोडा बॉक्सर, १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या चौथ्या भागातले शहाणे घोडे आणि त्यांच्या राज्यातले माणसासारखे दिसणारे याहू, आणि शेरलॉक होम्सची ‘सिल्व्हर ब्लेझ’. ही शेवटची कथा क्विझवाल्यांची लाडकी. रात्री न भुंकलेला कुत्रा सगळ्यांना आठवतो, पण प्रशिक्षकाला मारणारा तो हरवलेला घोडाच होता, हे विचारलं की मंच शांत होतो. भारतीय रंगभूमीसाठी गिरीश कर्नाडांचं ‘हयवदन’ बघा. त्याचं मराठी रूपांतर चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलं होतं. हिंदीतून धर्मवीर भारतींचं ‘सूरज का सातवाँ घोड़ा’, त्यावर श्याम बेनेगलांनी चित्रपट केला.

महाराष्ट्रात होणाऱ्या क्विझला घरच्या मैदानाचे प्रश्न हमखास येतात आणि आपली मुलं नेमकी तिथे चुकतात. राज्यगीतात कोणत्या घोड्यांचा उल्लेख आहे? भीमथडीच्या तट्टांचा. गीत राजा बढे यांचं, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा, आणि २०२३ पासून ते राज्यगीत आहे. पालखी सोहळ्यात माउलींचे अश्व कुठून येतात? बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून. रिंगणात दोन अश्व धावतात, एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा, कारण त्यावर स्वतः माउली आहेत ही वारकऱ्यांची श्रद्धा. सारंगखेड्याचा घोडेबाजार नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी, दत्तजयंतीला भरतो. ‘वरातीमागून घोडं’, ‘घोडामैदान जवळ असणं’, ‘आपलंच घोडं पुढे दामटणं’, ‘घोडं पेंड खाणं’ यांची चित्रफेरीही मी पाहिली आहे. फार रंगते.

सामान्यज्ञानाचा भाग लवकर उरकतो. घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे ४ इंच. एक अश्वशक्ती सुमारे ७४६ वॅट. घोडी साधारण ११ महिने गाभण राहते. घोड्याला उलटी करता येत नाही. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारी स्टॉकहोमला झाली. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण मिळालं. कान आतल्या बाजूला वळून टोकं जवळ आलेली दिसली की मारवाडी किंवा काठियावाडी, आणि राजस्थानचा इशारा असेल तर मारवाडी लिहा. धावत्या घोड्याची ओळीने काढलेली काळी-पांढरी छायाचित्रं दिसली की छायाचित्रकार मायब्रिज, साल १८७८.

दंतकथांबद्दल सावध राहा. रोमन सम्राट कॅलिग्युलाने आपल्या इन्सिटेटस घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, केलं, असं सर्रास सांगतात. रोमन चरित्रकार सुएटोनियस एवढंच लिहितो की त्याचा तसा बेत होता असं म्हणतात. अशा प्रश्नात ‘म्हणतात’, ‘बेत होता’ हे शब्द कान देऊन ऐका, उत्तर तिथेच असतं. शिवरायांच्या घोड्यांच्या नावांच्या याद्या मोबाइलवर फिरतात. समकालीन साधनाचा हवाला नसेल तर त्या मी प्रश्नात घेत नाही, तुम्हीही उत्तराला फार धरून बसू नका.

संघ निवडताना तिघेही पुस्तकवाले घेऊ नका. एक पुराणं-इतिहास वाचणारा, एक इंग्रजी साहित्यवाला आणि एक खेळ-विज्ञानवाला, असं जमलं तर उत्तम. आदल्या दिवशी नवीन काही वाचायला घेऊ नका, तिघांनी बसून एकमेकांच्या वहीतले प्रश्न मोठ्याने विचारा. ज्याला उत्तर येतं त्याने ते का येतं तेही सांगायचं. मंचावर एकाला अर्धंच आठवलं तर उरलेलं अर्धं दुसरा पुरवू शकतो.