तापवलेल्या कॅल्साइटची दीप्ती कशी पाहावी

कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) किंवा त्याचाच बनलेला संगमरवर तापवल्यावर दिसणारा सगळाच प्रकाश एका जातीचा नसतो. सुमारे ५२५ अंश सेल्सिअसच्या पुढे कोणताही घन पदार्थ निव्वळ उष्णतेने मंद लाल दिसू लागतो. त्याच्या बऱ्याच खाली दिसणारा प्रकाश मात्र खनिजाने साठवलेल्या ऊर्जेचा असतो. आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील दोषांत अडकून राहतात, उष्णता मिळताच ते मोकळे होतात आणि त्यांची ऊर्जा मुख्यतः मँगनीजच्या आयनांमार्फत नारिंगी प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. संगमरवर घडताना जी प्रचंड उष्णता लागली तिने जुना साठा पुसून टाकलेला असतो, त्यामुळे आज दिसते ती खडक थंड झाल्यानंतर जमलेली पुंजी होय.

एकाच खड्याचे दोन भाग करून एक भाग तुलनेसाठी न तापवता ठेवावा. दुसऱ्याचे सुमारे १ मिलिमीटरचे दाणे करावेत. बारीक पूड करू नये, कारण दळण्याच्या घर्षणानेही खोटी दीप्ती उद्भवते. हॉट प्लेट ३०० अंशांच्या आसपास स्थिर करून तिचा दर्शक दिवा झाकावा, खोली पूर्ण काळोखी करावी आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत किमान १५ मिनिटे थांबावे. घाई केल्यास काहीच दिसत नाही, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. संरक्षक चष्मा लावूनच दाणे प्लेटवर सोडावेत, कारण आत अडकलेल्या द्रवामुळे कॅल्साइट तडतडून उडतो. दाणे काही क्षण उजळून विझतात. तेच दाणे थंड करून पुन्हा टाकल्यावर अंधारच राहिला, तर पहिला प्रकाश साठवलेल्या ऊर्जेचाच होता, असे समजावे. लोह जास्त असलेला नमुना मुळातच फिका पडतो, कारण लोह दीप्ती दाबते. तेव्हा दुसरा खडा घ्यावा.

याहून जास्त तापमान भट्टीतच द्यावे. उघड्या हवेत ९०० अंशांच्या सुमारास कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कळीचा चुना उरतो, आणि मग तपासणी कार्बोनेटची राहत नाही. हा चुना पाण्याशी जोरात तापतो, म्हणून तो हातात न घेता कोरड्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावा.