औद्योगिक वसाहतीजवळच्या विहिरीचे पाणी तपासून घेताना

कारखान्यांना लागून असलेल्या गावात पाण्याला वास येऊ लागला, की बाटली भरून प्रयोगशाळेत दिली जाते आणि ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आला की विषय तिथेच मिटतो. तो शेरा मात्र ज्या घटकांची तपासणी झाली, त्यांच्यापुरताच असतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडील किटमधून सामू, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह अशा गोष्टी कळतात; बेंझीन, ट्रायक्लोरोइथिलीन किंवा षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचे विषारी रूप) यांचा त्यात पत्ता लागत नाही, आणि कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेले पदार्थ तर हेच आहेत.

म्हणून काय शोधायचे, हे आधी ठरवावे. क्रोम प्लेटिंगच्या कारखान्याजवळ क्रोमियम शोधावे आणि जिथे धातूचे भाग सॉल्व्हंटने, म्हणजे तेलकटपणा विरघळवणाऱ्या द्रवाने, धुतले जातात तिथे ट्रायक्लोरोइथिलीन. कोणता कारखाना काय बनवतो, किती सांडपाणी सोडतो, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात नोंदलेले असते. ते सहज मिळाले नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करावा.

नमुना घेण्यात सर्वाधिक चुका होतात. बोअरवेलचा पंप काही वेळ चालवून पाइपातले साचलेले पाणी जाऊ द्यावे आणि फिल्टरच्या आधीच्या नळातून नमुना घ्यावा. धातूंसाठी प्रयोगशाळेकडूनच आम्ल घातलेली प्लास्टिकची बाटली मागून घ्यावी. सॉल्व्हंट मात्र हवेत उडून जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी काचेची छोटी बाटली काठोकाठ भरावी, झाकण लावून उलटी धरावी आणि आत एकही बुडबुडा दिसला तर नमुना पुन्हा घ्यावा. बाटल्या बर्फाच्या पेटीतून लगेच पोहोचवाव्यात. शक्य तर वसाहतीपासून लांब, उताराच्या वरच्या बाजूच्या एखाद्या विहिरीचा नमुनाही द्यावा, म्हणजे तुलना करता येते.

अहवाल हाती आल्यावर एकके आधी पाहावीत, कारण मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये एकूण क्रोमियम ०.०५, शिसे ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर प्रयोगशाळेचे उपकरण किती कमी प्रमाण ओळखू शकते, हे लेखी विचारावे. ती मर्यादाच मानकापेक्षा जास्त असेल, तर त्या शब्दांना काही अर्थ नाही.

दूषण आढळले, तर पाणी उकळून भागत नाही: धातू तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतातच. टँकरची किंवा दुसऱ्या स्रोताची मागणी ग्रामपंचायतीकडे आणि जिल्हा परिषदेकडे लेखी करावी.

आजारांची नोंद हे सर्वांत जड काम आहे, कारण दुःखाच्या घरी जाऊन प्रश्न विचारावे लागतात. संमती घेऊन रुग्णाचे वय, गावातील वास्तव्याची वर्षे, कोणत्या विहिरीचे पाणी, कर्करोग नेमका कोणत्या अवयवाचा, बायोप्सीची तारीख, तंबाखूची सवय आणि व्यवसाय लिहून घ्यावा. सगळे कर्करोग एकाच आकड्यात मिसळू नयेत. अमेरिकेतील वोबर्न शहराच्या दोन विहिरी ट्रायक्लोरोइथिलीन आढळल्याने १९७९ मध्ये बंद झाल्या. तिथे मुलांमधल्या ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) या एकाच आजाराची प्रकरणे पालकांनी नकाशावर मांडली होती, म्हणूनच पुढचा अभ्यास शक्य झाला. काही घरांतील रुग्णांवरून कारण सिद्ध होत नाही, परंतु आरोग्य विभागाकडे रीतसर सर्वेक्षण मागण्यास तेवढा आधार पुरतो.

तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि अधिकाऱ्यांनी स्वतः नमुना घ्यावा, अशी मागणी करावी. १९७४ च्या जल अधिनियमानुसार सांडपाण्याचा नमुना विहित पद्धतीने घेतला गेला, तरच त्याचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याची मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षे आहे, तर इतर वादांसाठी ती अवघी सहा महिने आहे. त्यामुळे पहिल्या अहवालाची तारीख हाती पडताच वकिलांना दाखवावी.