हाफ आयर्नमॅन: रनमध्ये दिसणाऱ्या, पण आधीच होऊन गेलेल्या चुका

रनच्या १४व्या किलोमीटरला कुणी चालायला लागलं की बाजूने हमखास ऐकू येतं, "पळण्याची तयारी कमी पडली." बहुतेक वेळा तसं नसतं. घोळ सायकलवरच्या पहिल्या तासात झालेला असतो, कधी तर आदल्या दिवशी सायकल रॅकला लावतानाच. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये उधारी एकीकडे होते आणि वसुली भलतीकडे. म्हणून चूक शोधायची तर मागे मागे जात शोधावी लागते.

उदाहरण म्हणून इथे २०१९ मध्ये सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ गोवा (७०.३ म्हणजेच हाफ) डोळ्यांसमोर ठेवली आहे: मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणं. फुल डिस्टन्सला (३.८, १८० आणि ४२.२ किमी) आकडा बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.

तलावातली वेळ समुद्रात लागत नाही

२५ मीटरच्या तलावात १.९ किमी म्हणजे ७६ लांब्या. प्रत्येक वळणाला भिंतीवरून पाय मारला की ३-४ मीटर फुकट मिळतात. ७५ वळणांचे मिळून ते सव्वादोनशे ते तीनशे मीटर होतात. समुद्रात भिंत नाही, तळाला काळी रेघ नाही, त्यात वाकडंतिकडं पोहून अंतर वाढतं. ७०.३ मध्ये पोहण्याला साधारण १ तास १० मिनिटांचा कटऑफ, म्हणजे कमाल वेळ, असतो (फुलला २ तास २० मिनिटं, पण स्पर्धेगणिक फरक पडतो, त्या वर्षीचं अ‍ॅथलीट गाइड वाचा). तलावात ज्याला तासभर लागतो, त्याने १० मिनिटं हाताशी आहेत असं धरू नये.

दर ८-१० स्ट्रोकना पुढे पाहायचं, पण अख्खं डोकं वर काढायचं नाही. गॉगल पाण्याबाहेर येण्यापुरतं उचलायचं आणि श्वास नेहमीसारखा बाजूला घ्यायचा. डोकं जास्त वर आलं की कंबर बुडते, वेग जातो, आणि अवघडलेली मान पुढे ९० किमी सायकलवर छळते. लाटांत बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसत नाही, त्यामुळे त्याच्या रेषेतली एखादी उंच इमारत किंवा माड आदल्या दिवशीच हेरून ठेवा.

पहिल्या २०० मीटरमध्ये छाती आवळल्यासारखी वाटणं ही नवख्यांची नेहमीची तक्रार. कारण साधं असतं: घाबरून वेग वाढतो आणि पाण्यात श्वास पूर्ण सोडलाच जात नाही. उताणं व्हा, दहा लांब उच्छ्वास सोडा, मग थोडं ब्रेस्टस्ट्रोक करा. कयाक (मदतीची छोटी होडी) धरून थांबायला परवानगी आहे, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. मात्र खोकला थांबत नसेल, छातीत घरघर होत असेल किंवा थुंकीत गुलाबी फेस दिसला, तर हात वर करून बाहेर या. फुप्फुसात पाणी साठायला लागल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि जोर लावून पोहल्याने ते वाढतं.

गोव्याच्या कोमट पाण्यात वेटसूटचा (थंड पाण्यासाठीचा घट्ट रबरी पोशाख) प्रश्न सहसा येत नाही. २४.५ अंशांपर्यंतच तो घालून वयोगटातल्या बक्षिसासाठी पात्र राहता येतं. युरोपात फुल करायला जाणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे वेटसूट लागतो आणि तो आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीच्या सकाळी घातला जातो. छाती दाबल्यासारखी होते, मान सोलवटते. निदान चार-पाच वेळा तो घालून पोहा, मग भले इथे घामाच्या धारा लागोत.

सायकल: आदली दुपार

सायकल आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, ठेवावी लागते. टायर पूर्ण फुगवून ती दुपारभर उन्हात उभी केली तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि ट्यूब फुटण्याची भीती असते. ठेवताना २० पीएसआय कमी ठेवा, सकाळी फ्लोअर पंपाने भरा. ७० किलोच्या रायडरला २८ मिमी टायर आणि ट्यूब असेल तर ७० ते ७५ पीएसआय पुष्कळ. "जास्त हवा म्हणजे जास्त वेग" हे आपल्या रस्त्यांवर तरी खरं नाही.

सायकल खोक्यातून आली असेल तर आणखी एक तपासणी आवश्यक. चेन मागच्या सर्वांत मोठ्या कॉगवर (दातेरी चक्रीवर) टाका आणि चाक हाताने फिरवत मागून बघा. डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) स्पोकच्या अगदी जवळ दिसला तर प्रवासात हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. हा तुकडा मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, मुद्दामच, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा. तसाच ठेवून चढावर हलका गिअर टाकलात तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि शर्यत तिथेच संपते. आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर बॅगेत असलाच पाहिजे, कारण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि ऐनवेळी दुकानात मिळत नाही.

पंक्चर काढता येतं असं सगळेच म्हणतात. नव्याने घातलेल्या ट्यूबची हवा पाच मिनिटांत पुन्हा जाते तेव्हा खरं कळतं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात. तार २-३ मिमीची, बाहेरून दिसत नाही. जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून अंगठा हळूहळू पूर्ण गोल फिरवा, जिथे टोचेल तिथे चिमट्याने तार उपसा, मगच नवी ट्यूब घाला. दुसरी ठरलेली चूक व्हॉल्व्हची: ५० मिमी खोल रिमला ४८ मिमीच्या व्हॉल्व्हची ट्यूब आणली तर व्हॉल्व्ह रिमबाहेर येतच नाही, ट्यूब असून नसल्यासारखी. ८० मिमीचा व्हॉल्व्ह घ्या. विमानाने जाणार असाल तर सीओटू काडतुसं (टायर झटपट भरायच्या वायूच्या छोट्या नळ्या) सामानात नेऊ देतील असं धरू नका, छोटा हातपंप ठेवा.

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. ड्राफ्टिंगचा (दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेण्याचा) नियमही नीट समजून घ्या: पुढच्याच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर, आणि ओलांडायला घेतलं की २५ सेकंदांत ओलांडायचं. निळं कार्ड मिळालं तर पाच मिनिटं पेनल्टी तंबूत उभं राहावं लागतं.

खाणं: इथेच सगळ्यात जास्त शर्यती जातात

सायकलवर ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं लागतात. नुसतं ग्लुकोज आतडं ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषतं, त्यापुढे जायचं तर सोबत फ्रुक्टोज हवं. गंमत म्हणजे घरातल्या साध्या साखरेत दोन्ही निम्मं निम्मं असतं. ७५० मिली पाणी, ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ (सपाट पाव चमचा, म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम) आणि अर्धं लिंबू. आजीचं लिंबू सरबतच, फक्त वजनकाट्यावर मोजलेलं. अंदाजाने टाकलेल्या साखरेचा भरवसा नाही.

सव्वातीन तासांच्या ९० किमीला ताशी ६५-७० ग्रॅम धरले तर साधारण २२० ग्रॅम लागतात. अशा दोन बाटल्यांतून १२०, आणि २५ ग्रॅम कर्बोदकांच्या चार जेलमधून (पुडीतली साखरेची दाट पेस्ट) १००, झाला हिशेब. सुरुवात सायकलवर बसल्यावर १०-१५ मिनिटांत, पुढे घड्याळात दर २० मिनिटांचा गजर. "भूक लागली की खाऊ" म्हणणाऱ्याला भूक लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

पोट फुगणं, मळमळ, जेल नकोसं होणं या तक्रारींचं खापर बहुतेक वेळा जेलच्या ब्रँडवर फुटतं. आधी हे पाहा: जेल साखरेच्या पेयासोबत घेतलं का? तसं केलं की पोटातलं मिश्रण फार घट्ट होतं, पुढे सरकत नाही. जेलसोबत साधं पाणी घ्यायचं. दुसरं कारण वेग. पाय जोर लावत असतील तर रक्त तिकडे जातं आणि पोटाचं काम थंडावतं. दहा मिनिटं हळू चालवा, घोट घोट पाणी घ्या, जेल लांबवा. बहुधा सुटतं.

ओआरएसबद्दलही गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते जुलाब झालेल्या माणसासाठी बनवलेलं आहे. मिठाची सोय होते, इंधनाची नाही. दोन बाटल्या ओआरएस पिऊन "खाणं चालू आहे" समजणारा रनमध्ये रिकामा होतो.

पाणी किती हे शेजाऱ्याला विचारू नका, घरी मोजा. शर्यतीच्या वेगाने, उन्हात, एक तास सायकल चालवण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. ७२.० चं ७१.२ झालं आणि मध्ये ६०० मिली प्यायलात तर घाम ताशी १.४ लिटर. तो सगळा भरून काढता येत नाही, काढूही नये. ताशी ८००-९०० मिली पचतं का ते सरावात पाहा.

आदल्या दोन दिवसांत रोज वजनाच्या किलोमागे ८-१० ग्रॅम कर्बोदकं म्हणतात, ते नुसत्या भातावर जमत नाही. ७० किलोच्या माणसाला ७०० ग्रॅम लागतील, म्हणजे शिजवलेला अडीच किलो भात! दहीभात, ब्रेड-जॅम, केळी आणि सरबत यांत वाटून घ्या. साबुदाण्याची खिचडी, उसळी, कोशिंबिरी त्या दोन दिवसांत नकोत. तेल, दाणे आणि चोथ्यामुळे पोट जड राहतं.

वेग: चढावरचे वॉट

हाफमध्ये सायकल एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल तेवढी कमाल ताकद, वॉटमध्ये) ७०-८० टक्क्यांवर चालवायची, फुलमध्ये ६५-७० वर. एफटीपी २०० वॉट असेल तर सरासरी १५० च्या आसपास. पण सरासरी फसवते. उड्डाणपुलावर दर वेळी २६० मारून उतारावर सोडून दिलं तरी आकडा १५० च दिसतो, मांड्या मात्र रिकाम्या होतात. चढावर एफटीपी ओलांडू नका, मागचे पुढे गेले तर जाऊ द्या. वॉट मोजणारा पॉवर मीटर नसेल तर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. जाताना वारा पाठीत असला की सगळेच दमदार वाटतात, येताना बिल येतं.

रनमध्ये लक्षण दिसलं तर

पहिले दोन किलोमीटर ठरलेल्यापेक्षा ३० सेकंद हळू. सायकलवरून उतरल्यावर वेगाचा अंदाजच येत नाही, म्हणून भावनेवर नाही, घड्याळावर पळा. यासाठी सरावात लांब ब्रिक (सायकलनंतर लगेच पळण्याचा सराव) करायची गरज नाही, सायकलनंतर १५-२० मिनिटं पळणं पुरतं, पण ते दर आठवड्याला हवं.

मांडीत क्रॅम्प आला की सगळे मिठाच्या गोळ्या शोधतात. बहुतेकदा तो दमलेल्या स्नायूचा असतो. थांबून ताण द्या, मिनिटभर चाला, मग आधीपेक्षा हळू सुरू करा. तळव्याला फोड येतो तो बुटापेक्षा पाण्यामुळे. डोक्यावर ओतलेलं पाणी पायांवरून बुटात उतरतं. बर्फ टोपीत आणि ट्रायसूटच्या (शर्यतभर अंगात राहणारा घट्ट पोशाख) गळ्यात घाला, ओतताना पुढे वाका. डोकं हलकं, अंगात त्राण नाही आणि विनाकारण चिडचिड, म्हणजे साखर संपली: कोला किंवा जेल घ्या, पाच मिनिटं चाला. घाम थांबला, अंगावर काटा आला किंवा पाय वेडेवाकडे पडू लागले तर तो उष्माघात असू शकतो. तिथे हिशेब नाही, लगेच थांबून वैद्यकीय तंबूत जा.

एक चूक सावकाश पळणाऱ्यांकडून जास्त होते: वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर साधं पाणी, तहान नसताना. अंगठी आणि घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही रक्तातलं सोडियम पातळ झाल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी आणखी पाणी पिऊ नका, इबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तर मुळीच नको, आणि तंबूत गेल्यावर किती प्यायलात ते डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर डिहायड्रेशन समजून सलाईन लावलं जाऊ शकतं.