भटक्या घोडेस्वारांचं साम्राज्य अभ्यासायचं कसं?

मी अशा साम्राज्याचा अभ्यास करायला बसतो तेव्हा लढायांची यादी बाजूला ठेवतो. आधी पाहतो ते एवढंच: लूट कोण वाटायचं आणि वारस कसा ठरायचा?

मंगोलांपासून सुरुवात करा. १२०६ च्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या सभेत, तेमुजिन चंगीज खान झाला. त्याने जुन्या टोळ्या फोडून माणसं दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्यांत बांधली. निष्ठा कुळाकडून थेट खानाकडे वळली. प्रत्येक पुरुष लहानपणापासून घोड्यावर वाढलेला, मोहिमेत बदलीचे घोडे सोबत. मूठभर लोकसंख्येने प्रचंड राज्यं जिंकली ती या बळावर. पण ही निष्ठा वाटणीवर टिकायची, आणि वाटायला सतत नवा विजय लागायचा.

आता वंशावळ काढा, प्रत्येक खानाच्या मृत्यूचं साल लिहा आणि त्यापुढची दोन-तीन वर्षं नीट वाचा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. गादी थोरल्यालाच मिळेल असा नियम नव्हता. घराण्यातला जो इतरांकडून मान्यता मिळवेल तो खान. १२५९ मध्ये चंगीजचा नातू मोंगके खान वारला. त्याचा भाऊ हुलागू बहुतेक फौज घेऊन सीरियातून मागे फिरला, आणि १२६० मध्ये पॅलेस्टाईनमधल्या ऐन जालूतला उरलेल्या तुकडीचा इजिप्तच्या मामलुक राज्यकर्त्यांनी पराभव केला. त्याच वर्षी मोंगकेचे सख्खे भाऊ कुबलाई आणि अरिक बोके दोघेही खान म्हणून निवडले गेले. १२६४ पर्यंत ते आपसात लढले. साम्राज्य पुन्हा खऱ्या अर्थाने एक झालंच नाही.

मग महसूल पाहा. सल्लागार येलू चुत्साईने चंगीजचा मुलगा आणि वारस ओगेदेई याला पटवलं की उत्तर चीनची शेती मोडून कुरणं करण्यापेक्षा कर घेण्यात जास्त फायदा आहे. सल्ला शहाणपणाचाच होता, पण त्यामुळे खान कारकुनांवर आणि शेतकऱ्यांवर अवलंबून झाला. कुबलाईने आजच्या बीजिंगच्या जागी राजधानी नेली, तर गवताळ प्रदेशातला त्याचाच भाऊबंद कायदू आयुष्यभर त्याच्याविरुद्ध उभा राहिला.

युरोपातल्या हूणांवर हीच पद्धत लावा: त्यांचा राजा अटिला ४५३ मध्ये वारला, मुलं भांडली, आणि पुढच्याच वर्षी नेदाओच्या लढाईत अंकित जमातींनी जोखड झुगारलं.

शेवटी उलटं उदाहरण जरूर घ्या. तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) घराण्याची सुरुवातही भटक्या तुर्कांच्या टोळ्यांतूनच झाली. १४०२ मध्ये तैमूरने त्यांच्या सुलतानाला कैद केलं आणि त्याचे मुलगे १४१३ पर्यंत एकमेकांशी लढले. तरी हे राज्य सावरलं, विसाव्या शतकापर्यंत टिकलं. त्यांच्याकडे जमिनीच्या नोंदवह्या होत्या, जानिसारी ही पगारी फौज होती, आणि राज्य भावांत वाटायचं नाही हा नियम त्यांनी पुढे भावांचे जीव घेऊनही पाळला.