फायटरची मोठी टाकी: गड्ड्याला मांडा, उन्हाळ्याआधी मासा सोडा

बरणीतला फायटर (बेट्टा) मासा मोठ्या टाकीत हलवायचा असेल तर सोलापुरात त्याला चांगला मुहूर्त म्हणजे सिद्धेश्वरांचा गड्डा (संक्रांतीची यात्रा). जानेवारीत टाकी मांडली की पाणी तयार व्हायला चार ते सहा आठवडे मिळतात आणि ऊन तापायच्या आत मासा रुळतो. मे महिन्यात बरणीतलं दोन लिटर पाणी दुपारपर्यंत खोलीइतकं तापतं. ३५ लिटर पाणी तापायलाही वेळ घेतं नि निवायलाही. मोठी टाकी घ्यायची ती यासाठी, शोभा नंतर.

दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकी पुरे. वरचे दोन इंच रिकामे सोडले की ३५ लिटर पाणी बसतं. दुकानदार उंच, अरुंद टाकी पुढे करेल, घेऊ नका. फायटर वरची हवाही घेतो, सारखा वर येतो, आणि लांब परांच्या नराला ती चढण जड जाते. उडीही मारतो, म्हणून झाकण हवंच. पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळची जागा टाळा. टाकीखाली थर्माकोल घाला. चादरीची घडी कितीही मऊ असली तरी सपाट बसत नाही आणि काचेवर ताण येतो.

पाण्याचं गणित आपल्याकडे वेगळं, कारण नळ रोज येत नाही. पाणी सुटेल त्या दिवशी एक पिंप फक्त टाकीसाठी भरून ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा (डासांच्या अळ्या फायटरला आवडतात, शेजाऱ्यांना नाही), आणि वापरताना अँटीक्लोरीनचे थेंब टाकाच. बोअरचं पाणी नळावर पांढरे थर धरत असेल तर ते नको. नुसतं आरओचं पाणीही भरू नका. मात्र उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची भर आरओनेच घाला, कारण पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात.

स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मासा नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाका. त्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर हे काम बरंच लवकर होतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा आणू नका, घरातली मुलं कितीही मागे लागली तरी.

पाणी २४ ते २८ अंशांत हवं. थंडीच्या रात्रींसाठी ५० वॅटचा हीटर पुरतो. खरी परीक्षा एप्रिल-मेची. तेव्हा झाकणाऐवजी जाळी ठेवून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फ टाकू नका.

झाडांत जावा फर्न आणि अनुबियास. दोऱ्याने दगडाला बांधायची, वाळूत पुरायची नाहीत. प्लॅस्टिकची टोकदार झाडं पर फाडतात. तलावातून काही उपटून आणू नका. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळालेलं, तपकिरी, सुकं पान धुऊन सोडलं तर चालतं. पाणी चहासारखं होईल, होऊ द्या.

सोडताना पिशवी वीसेक मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, थोडं थोडं टाकीचं पाणी आत घाला, मग जाळीने फक्त मासा सोडा. एका टाकीत एकच नर. दर आठवड्याला आठ-नऊ लिटर पाणी बदला, अर्थात पिंपातल्या पाण्याने.